लाल अक्षरांतला शेवट

राजेंद्र नगर, इंदूर
४ सप्टेंबर २०२५

प्रिय बंडू,

पाकीट हातात घेतल्याबरोबर विषय तुला कळला असेल. तुझा गुडघा, माझी शुगर, तुझ्या मानसचं मोटर वाइंडिंगचं दुकान, हे सगळं आपण फोनवर बोलतो. फक्त ‘फार लँटर्न’ हा सिनेमा फोनवर काढायचा नाही, हा शशिकलावहिनींचा नियम. तिसऱ्या भागावरून आपण दोन तास भांडलो आणि पुढे चार महिने बोललो नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, लिहून भांडा, लिहिताना माणूस थोडा तरी विचार करतो. त्याला तेरा वर्षं झाली. तुझी सत्तावीस पत्रं माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत आणि त्यातली निम्मी चुकीची आहेत.

तर बातमी ऐक. पाचवा भाग डिसेंबरात येतोय. ज्यांनी तिसऱ्या भागात बोलणारं मांजर आणलं त्यांना लाज कसली असणार, ते सहावाही काढतील. पण त्याआधी पहिला भाग स्वच्छ करून पुन्हा मोठ्या पडद्यावर लावणार आहेत. इंदूरला एकवीस तारखेला, रविवारी, सकाळी साडेनऊला. मॉलमध्ये का होईना, पण रविवारी सकाळी साडेनऊला! आपल्या टॉकीजचे इंग्रजी सिनेमे त्याच वेळी लागायचे. मी वाचलं आणि अंगावर काटा आला.

चव्वेचाळीस वर्षांत मी तो दुसऱ्यांदा पाहिलेला नाही. कॅसेट आली, सीडी आली, आता फोनवरही मिळतो म्हणे. मी हात लावला नाही आणि ज्यानं तो पडद्यावर पाहिला नाही त्याच्याशी त्यावर वादही घातला नाही. तू वर केबिनमध्ये मशीन चालवत होतास आणि मी खाली तिसऱ्या रांगेत बसलो होतो, ते मला पुरलं.

माझी नात तन्वी हा सिनेमा बघायला मुद्दाम पुण्याहून येतेय. एकोणीस वर्षांची आहे, चौथ्या भागाची भक्त, पहिला पाहिलेलाच नाही. तिला मी फोनवर गोष्ट सांगितली. सूर्यमालेच्या कडेला एक दीपगृह. त्यावर एकटी बाई, कोरवेन. दिव्याचा दांडा मोडला तर जेवणाच्या चमच्यानं जोडणारी. पृथ्वीवरून निरोप येतो की आता या वाटेनं कोणी जात नाही, दिवा बंद करा आणि परत या. न्यायला यान येतं. चालक तीनदा हाक मारतो. ती उत्तर देत नाही, पाठ फिरवते, एक्केचाळीस पायऱ्या चढून दिव्यापाशी जाते, तिच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. बस. काळ्या पडद्यावर लाल अक्षरं, द एंड.

ती लाल अक्षरं आठवतात ना? आख्खा सिनेमा निळा आणि काळा, शेवटची अक्षरं तेवढी लाल, जाड, थोडी वाकडी. मी त्यावर कॉलेजच्या अंकात तीन पानं लिहिली होती, की तो लाल रंग म्हणजे थांबण्याची किंमत. तू वाचून म्हणाला होतास, “भिया, तू तो गजब चीज ढूंढ के लाया.” म्हणूनच दुसरा भाग मला चालत नाही. जी बाई थांबली तिला हे लोक पुढच्या सिनेमात घरी भांडी घासताना दाखवतात, आणि ती परत आली कशी याचं एक अक्षर नाही. मी पंधराव्या मिनिटाला उठून आलो होतो. तू मात्र त्याची वकिली करत आलायस.

आणखी एक. मधुरिमा मला कायमचं पुण्याला चल म्हणतेय. तिची आई गेल्याला तीन वर्षं झाली, मी एकटा आहे, तिला काळजी वाटते. आजोबांचं उत्तर घेऊनच ये, असं तिनं लेकीला बजावलंय. मी ठरवलंय की उत्तर तोंडानं द्यायचं नाही, सिनेमा दाखवायचा. शेवट पाहिला की पोरीला आपोआप कळेल, आजोबा इंदूर का सोडत नाहीत.

तुझं तिकीट काढू ना? विचारायचं म्हणून विचारतोय.

तुझा,
प्रताप

◆

मानपुर
९ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रताप,

तुझं पत्र शशिकलानं मोठ्यानं वाचलं. तिला ते बोलणारं मांजर आवडलं होतं, हे तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय.

मी येत नाही. गुडघ्यानं पायऱ्या होत नाहीत आणि मॉलच्या सरकत्या जिन्याची मला भीती वाटते. पण खरं सांगू का, तूही जाऊ नयेस असं मला वाटतं. बावीस वर्षं मी फिल्म हाताळली आहे. हे लोक ओरखडे घालवतात तेव्हा बाकी काय घालवतात आणि काय नवीन घालतात, देव जाणे. तुझ्या डोळ्यांत जो सिनेमा आहे तो चांगला आहे. तो तसाच राहू दे. तन्वीला रात्री सराफ्यात फिरवून आण, भुट्ट्याचा कीस खायला घाल.

आणि नातीला काही दाखवायचंच असेल तर घरी दुसरा भाग दाखव, आणि तूही शेजारी बस. तू पंधराव्या मिनिटाला उठलास, त्यामुळे सोळाव्या मिनिटाला काय होतं ते तुला माहीत नाही. कोरवेन बहिणीच्या घरी राहतेय. भर दुपारी ती ओसरीतला दिवा लावते आणि त्याच्याखाली उभी राहते. बहीण बघते. काही विचारत नाही, बटण बंद करत नाही, शेजारी येऊन भाजी निवडत बसते. एवढंच. माझ्या केबिनच्या खिडकीतून मी हजारभर सिनेमे पाहिले असतील, पण परत आलेल्या माणसाला इतकं समजून घेतलेलं कुठे पाहिलं नाही. पहिला भाग मोठा आहेच, त्यात वाद नाही. पण दुसरा त्याला शोभतो, प्रताप. तू एकदा शेवटपर्यंत बघायला हवा होतास.

मधुरिमाचं म्हणशील तर पोरगी मनापासून बोलावतेय. तिला सिनेमा दाखवून उत्तर देऊ नकोस. तिच्याशी बोल.

तुझा,
बंडू

◆

राजेंद्र नगर
१३ सप्टेंबर

प्रिय बंडू,

तुझं पत्र वाचून मी चक्रावलो. ज्या माणसानं आपल्या हातानं तो सिनेमा इंदूरला दाखवला तोच मला म्हणतोय, जाऊ नकोस? गुडघ्याचं कारण मी मानतो. सरकत्या जिन्याचंही मानतो, मी स्वतः डोळे मिटून चढतो. बाकी तुझं म्हणणं पटलं नाही. ओरखडे नसले तर कोरवेन काही बदलणार नाही.

तुला आठवण करून द्यावी लागतेय याचं वाईट वाटतं, पण देतो. चोवीस वर्षांचा होतो मी. दक्षिणेत अंतराळ खात्यात नोकरी लागली होती. पुढच्या आठवड्यात रुजू व्हायचं होतं. आख्ख्या खानदानात पहिल्यांदा कोणी तलवार आणि कचेरी सोडून तिसरंच काही करणार होता. आणि त्या रविवारी मी कोरवेनला पाय रोवून उभी राहिलेली पाहिली. बाहेर पडल्यावर टॉकीजच्या पायऱ्यांवर मी तुला म्हणालो, “मी जात नाही. इथल्या पोरांना आकाश कोण दाखवणार?” सोमवारी तार केली. पुढे छत्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. गच्चीवर दुर्बीण लावली. आजही रस्त्यात पोक्त माणसं वाकून नमस्कार करतात आणि सांगतात, सर, शनीची कडी तुम्ही दाखवली होती. त्या शेवटानं माझं आयुष्य घडवलं, बंडू. दुसऱ्या कोणी नाही.

म्हणून एकवीस तारखेला मी जाणार आहे. तिकिटं तीन काढली आहेत. तुझी खुर्ची रिकामी राहिली तर तिच्यावर मी पिशवी ठेवीन.

तुझा,
प्रताप

◆

मानपुर
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रताप,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

तू पाहिलास तो सिनेमा पूर्ण नव्हता. नऊ रिळांचे नऊ डबे यायचे होते, आठ आले. मुंबईहून येणारा ट्रक इथं मानपुरलाच बिघडला होता, माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवताना नववा डबा ढाब्याच्या मागे राहून गेला. हे मला रविवारी सकाळी साडेआठला कळलं. मी टॉकीजच्या शेठना म्हणालो, शो रद्द करू. ते म्हणाले, “अरे चला दे. अंग्रेजी पिक्चर में किसको समझता है, खतम हुई के नहीं.”

आठवं रीळ तिच्या चेहऱ्यावर संपत होतं. तिथंच पांढरा पडदा आला असता तर लोकांनी खुर्च्या फाडल्या असत्या. केबिनमध्ये एका फाटलेल्या काउबॉय सिनेमाचे तुकडे पडले होते. त्यातला द एंड कापला आणि फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडला. तुझी लाल अक्षरं ती. थांबण्याची किंमत वगैरे त्यात काही नव्हतं. तू कॉलेजच्या अंकात तीन पानं लिहिलीस तेव्हा मला आधी हसू आलं होतं, मग स्वतःची लाज वाटली होती.

मंगळवारी मी बसनं मानपुरला येऊन डबा नेला. दुपारी रिकाम्या टॉकीजमध्ये ते रीळ लावलं आणि एकट्यानं पाहिलं. बुधवारी प्रिंट पुढच्या गावाला गेली. त्या रिळात काय आहे ते मी लिहीत नाही, ते तू स्वतः बघ. एवढंच सांगतो की कोरवेन थांबत नाही. दुसरा भाग खोटं बोलत नव्हता. ती परत कशी आली याचं स्पष्टीकरण नवव्या डब्यात होतं, आणि तो ढाब्याच्या मागे पडला होता.

तुझी तार सोमवारी गेली. डबा मंगळवारी आला. या एका दिवसाचा हिशेब मी चव्वेचाळीस वर्षं करतोय. पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं. मग तुझा लेख आला. मग तू शिकवायला लागलास, मुलं तुझ्यावर जीव टाकायला लागली, आणि दरवर्षी सांगणं जास्तच अवघड होत गेलं. पण मला माहीत आहे की तू रॉकेटं बनवणारा माणूस होतास आणि माझ्या कात्रीनं तुला इंदूरात अडकवलं. आता त्याच शेवटाच्या जोरावर तू मधुरिमालाही नाही म्हणायला निघालायस. ते मला बघवत नाही.

तू मला माफ कर असं म्हणायचं धाडस नाही. तू पुन्हा लिहिलंस तरी मला पुरे.

बंडू

◆

मानपुर
६ ऑक्टोबर

प्रिय प्रताप,

दसऱ्यालाही तुझा फोन आला नाही. मी चारदा केला, तू उचलला नाहीस. सोनं द्यायला मानसला तुझ्याकडे पाठवलं, तर तो सांगत आला की सरांनी चहा पाजला आणि घरच्यांची चौकशी केली, पण माझं नाव काढलं नाही.

एक कबूल करायचं राहिलं. ते पत्र लिहून मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. शुक्रवारी दुपारी पेटीत टाकलं. ते तुला रविवारच्या आधी मिळालं की नंतर, हे मला माहीत नाही. नंतर मिळालं असेल तर तिथं तुझं काय झालं असेल, या विचारानं मला जेवण जात नाही. शशिकला म्हणते, इंदूरला जाऊन दारात उभे राहा. मला धीर होत नाही.

एक ओळ लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

बंडू

◆

राजेंद्र नगर
११ ऑक्टोबर २०२५

प्रिय बंडू,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. म्हणजे रविवारी मला काहीच माहीत नव्हतं.

मी नवा सदरा घालून गेलो होतो. थिएटर जवळजवळ भरलेलं, निम्मी तन्वीच्या वयाची मुलं, छातीवर चौथ्या भागाचं चित्र छापलेले शर्ट घातलेली. मला वाटलं ही पोरं फोन काढून बसणार. पण कोरवेन चमच्यानं दांडा जोडायला लागली तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही. तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. काय सिनेमा आहे, बंडू! मी आठवणीत जितका मोठा करून ठेवला होता, त्याहून तो मोठा निघाला.

मग यान आलं. तीन हाका झाल्या. ती एक्केचाळीस पायऱ्या चढली. चेहऱ्यावर उजेड पडला. मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवायला लागलो. आख्ख्या थिएटरात एकटा. मागून कोणीतरी म्हणालं, “अंकलजी, बैठ जाओ.” तन्वीनं माझा सदरा ओढला आणि हळूच म्हणाली, “आजोबा, बसा ना. अजून आहे.”

मी बसलो. लाल अक्षरं आलीच नाहीत. ती दिव्याजवळची नोंदवही उघडते. मागे मागे पानं उलटत जाते. शेवटचं यान या वाटेनं गेल्याला अकरा वर्षं झालेली आहेत. ती बराच वेळ त्या पानाकडे बघते. मग स्वतःच्या हातानं दिवा बंद करते. पडदा काळा. बंडू, पूर्ण एक मिनिट पडद्यावर काही नाही, फक्त श्वास. मग तिचा आवाज येतो, “मी येतेय. थोडं थांबा, जिना अंधारा आहे.” आणि पावलं उतरत जातात.

मी रडलो. तन्वीला वाटलं सिनेमा आवडला म्हणून. तेही खरंच होतं.

सोमवारी तुझं पत्र वाचलं. दोन दिवस मी तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की तू हव्या म्हणालास तेवढ्या तुला मिळून गेल्या आहेत. मंगळवारी संध्याकाळी तन्वीबरोबर तिच्या लॅपटॉपवर दुसरा भाग पाहिला. लहान पडद्याला हात न लावण्याचा माझा नेम मोडला, मोडू दे. सोळाव्या मिनिटाला दुपारचा दिवा लागला आणि ती बहीण भाजी निवडायला बसली, तेव्हा मला तुझी माफी मागावीशी वाटली. ज्यांनी हा दुसरा भाग केला त्यांना पहिला माझ्यापेक्षा जास्त कळला होता. मी चाळीस वर्षं त्यांना चोर म्हणत आलो आणि ते बिचारे नवव्या डब्याशी इमान राखून होते. तिसरा मात्र वाईटच आहे, वहिनींना सांग. चौथा निम्मा पाहिलाय. पोरगी म्हणते तितका नाही, पण मला वाटलं त्यापेक्षा बरा आहे.

तन्वी निघताना म्हणाली, आईला काय सांगू? मी म्हणालो, कळवतो. ती गेली आणि मी हे तीन आठवडे कोणाशी नीट बोललो नाही. तुझ्यावर रागावलो होतो म्हणून नाही. तुला एक गोष्ट लिहायची होती आणि ती लिहवत नव्हती.

तू म्हणतोस, माझी तार सोमवारी गेली. सगळ्यांना मी तसंच सांगितलं आहे, तुलाही, घरीही, शाळेतल्या प्रत्येक निरोप समारंभातही. नीट वाच. सिनेमाच्या आधीच्या गुरुवारी मी ट्रंक घेऊन दक्षिणेला जायला निघालो होतो. बाबा स्टेशनवर आले, त्यांनी हार घातला. गाडी सुटली. इंग्रजीत बोलणारे साहेब, अनोळखी गाव, अनोळखी जेवण, आणि तिथं मी कोणाचा कोणी नाही, असं सगळं डोळ्यांसमोर यायला लागलं आणि हातापायांना घाम फुटला. महूला गाडी थांबली तेव्हा मी उतरलो. ज्याचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, तो मी, वीस-बावीस किलोमीटरवर उतरलो. रात्र धर्मशाळेत काढली. शुक्रवारी महूच्या तारघरातून नकाराची तार केली आणि घरी येऊन सांगितलं की रुजू व्हायची तारीख पुढे गेली.

सिनेमा रविवारी पाहिला.

तुझ्या कात्रीनं माझं काही बिघडवलं नाही, बंडू. मी भ्यालो होतो, आणि तू मला त्याच्यासाठी एक सुंदर नाव मिळवून दिलंस. तू त्या एका दिवसाचा हिशेब करत बसलास आणि मी तुला तो करू दिला. माफी मागायची असेल तर ती मी मागायला हवी. ही गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती. तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

शिकवल्याचा मला पश्चात्ताप नाही. ती मुलं खरी होती, शनीही खरा होता. पण मधुरिमाला मी नाही म्हणत होतो ते काही इंदूरच्या प्रेमानं नव्हे. इथं मी फणसे सर आहे. पुण्यात भाजीवाल्यासमोर तोंड उघडलं की तो विचारतो, काका, तुम्ही हिंदी का? तिथं मी पुन्हा कोणाचा कोणी नाही. अडुसष्टाव्या वर्षी मला तोच घाम फुटतोय.

मी तिला हो म्हणून कळवलं आहे. शुक्रवारी, सतरा तारखेला, पुण्याची गाडी आहे. तू स्टेशनवर ये. मानसला गाडी काढायला सांग, पायऱ्या टाळून येता येतं, मी बघून आलोय. मला डब्यात बसव आणि गाडी हलेपर्यंत दारात उभा राहा. मी काहीतरी विसरलो म्हणेन, पोटात दुखतंय म्हणेन, अगदी खरं वाटेल असं म्हणेन. माझं काही ऐकू नकोस. मला उतरू देऊ नकोस.

तुझा,
प्रताप